तांब्याची डबी आणि मिलिमीटरभर गोळी

लॅब कितीही झाडली तरी दोन गोष्टी साचतातच, धूळ आणि किस्से. धूळ लक्ष्मी मावशी रोज सकाळी नेतात. किस्से मात्र माझ्याकडेच पडून राहतात, कारण अंधेरीच्या आमच्या इन्स्टिट्यूटमधला सगळ्यात जुना टेक्निशियन मी. म्हटलं, थोडे तुमच्या गळ्यात मारावेत!

आमचं काम साधं आहे, असं आमचे प्रमुख कांबळे सर म्हणतात. तांब्याच्या बंद डबीत मायक्रोवेव्ह सोडायच्या. आत मिलिमीटरभराची चुंबकीय गोळी, बाहेर मोठा मॅग्नेट. डबीची एक लय, गोळीची एक. मॅग्नेटचा जोर वाढवत नेला की दोन्ही लयी जुळतात आणि स्क्रीनवरची एक रेघ फाटून तिच्या दोन होतात. मध्ये गॅप! ती दिसली तर सायलीची पीएचडी, नाही दिसली तर वाट लागली. सायली मुलुंडची, पाचवं वर्ष चालू, आणि मुदत दिवाळीपर्यंत.

*

डबी करायला घाटकोपरच्या एका गाळ्यात गेलो. लेथवरच्या म्हात्रे काकांनी ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं.

"ह्यात ठेवणार काय?"

"काही नाही काका. लहरी."

"आणि झाकण?"

"एकदम घट्ट पाहिजे."

काकांनी चष्मा काढला. "म्हणजे आत काही ठेवायचं नाही, पण सांडलेलंही चालणार नाही!"

डबी मात्र झकास केली.

*

पावसाळ्यात ती काळी पडली आणि रीडिंग बिघडलं. सर आठवडाभर परदेशी केमिकलचे कॅटलॉग चाळत बसले. मावशींनी चहाच्या सुट्टीत डबी आमसुलाने घासली, धुतली, कोरडी करून जागेवर ठेवली. रीडिंग पहिल्यापेक्षा चांगलं!

सरांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'सौम्य सेंद्रिय आम्लाने पृष्ठभागावर प्रक्रिया केली.' मी मावशींना वाचून दाखवलं.

"सरांका सांग," मावशी म्हणाल्या, "आमसूल म्हणान लिवा मगे!"

*

आमच्याकडे मोठा मॅग्नेट आहे ही बातमी बिल्डिंगभर पसरली आणि लोक दागिने तपासायला यायला लागले. सोनं चिकटत नाही, एवढं विज्ञान सगळ्यांना येतं. स्टोअरचे धुमाळ तर सासऱ्यांनी लग्नात घातलेली अंगठी घेऊन आले, फक्त मजा म्हणून. बोटातून काढून जवळ नेली मात्र, अंगठी हातातून उडाली आणि टक्कन मॅग्नेटला!

धुमाळांनी ती ओढून काढली, पुन्हा बोटात घातली आणि दारातून वळून म्हणाले, "तुमचा मॅग्नेट बिघडलाय."

*

सायलीचे बाबा बसडेपोतून रिटायर झालेले. एकदा लॅब बघायला आले. ती हौसेने समजावत होती. "बघा ना बाबा, ह्या दोन रेघा जवळ येतात, पण एकमेकींना छेदत नाहीत. तिथे कुठली डबीची आणि कुठली गोळीची, सांगताच येत नाही. दोन्हींत दोन्हींचा अंश असतो."

बाबांनी दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं.

"कळलं का हो?"

"अगं, तीस वर्षं तुझ्या आईबरोबर हेच चाललंय. त्याला पीएचडी देतात?"

*

त्या रेघा तिने बाबांना पुस्तकातल्या दाखवल्या होत्या. आमच्या स्क्रीनवर गॅपचा पत्ता नव्हता. गोळी काचेच्या काडीला मी स्वतः चिकटवली होती, तरी तीन आठवडे रेघ फूटपट्टीसारखी सरळ. सायलीचं जेवण सुटलं. एक दिवस म्हणाली, "दादा, सोडून देऊ का रे?" मला फार वाईट वाटलं. सरांनी तर तीन पानी गणित मांडून सिद्ध केलं की ह्या गोळीत गॅप येणं शक्यच नाही!

शेवटी गोळी मायक्रोस्कोपखाली ठेवली. मावशी लादी पुसता पुसता वाकून बघायला लागल्या.

"अगो बाय! ही मोहरी मा? साल पण सुटला हिचा!"

लॅबमध्ये खायला बंदी आहे. पण चिकटवायच्या दिवशी मी त्याच टेबलावर पोहे खाल्ले होते. गोळी निसटली, मी चिमट्याने पटकन उचलली आणि काडीला लावली. उचललं काय, ते आता सगळ्यांना कळलं!

मी खाली मान घालून उभा. सायली रडते की मारते कळेना. सर मात्र आनंदाने उठले. "म्हणजे माझी तीन पानं बरोबर होती!"

टेबलाच्या फटीवरून एक छोटा मॅग्नेट फिरवला, खरी गोळी टुणकन वर आली. ती लावली आणि दुपारी रेघ फाटली. मध्ये ही एवढी गॅप! सायली स्क्रीनसमोर बसून खरंच रडली, आणि मीही.

व्हायवाला बाहेरचे परीक्षक आले, कडक म्हणून प्रसिद्ध. प्रबंध चाळत म्हणाले, "गॅप गोळीच्या चुंबकत्वामुळेच येते कशावरून? त्याच आकाराची बिनचुंबकी गोळी लावून पाहिलीत?"

मी मागच्या खुर्चीत डोळे मिटले.

"हो सर," सायली म्हणाली. "तीन आठवडे. पान एक्याऐंशी."

परीक्षकांनी पान काढलं. सरळ रेघ बघून चेहराच बदलला. "वा! इतकी चिकाटी हल्ली कोणी दाखवत नाही. मटेरियल कुठलं?"

सायलीने एकदा माझ्याकडे बघितलं.

"वनस्पतिजन्य आहे, सर. आमच्या टेक्निशियननी स्वतः निवडलं."