अण्णांसाठी शोधलेलं घर

भल्या पहाटे मोबाइलवर काकूंचं नाव दिसलं. ताडकळसला अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, घर भाड्याने घेतल्यापासून मला याच फोनची धास्ती होती. शेजारी राहणाऱ्या या काकू आमच्या चुलती. त्यांचा अवेळी फोन म्हणजे अण्णा कुठेतरी निघून गेले, असंच मी धरून चालले होते. काकू रडत म्हणाल्या, "सुमन, अण्णा राहिले न्हाईत गं. झोपेतच..." मी विचारलं, "घरातच ना?" घरातच, बाजेवर, असं त्या म्हणाल्या आणि मला, पोटच्या लेकीला, आधी हायसं वाटलं. रडू नंतर आलं.

डॉक्टरांनी अण्णांच्या विसरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं तेव्हा ही आत्ताशी सुरुवात आहे, असं धीर देत म्हणाले होते. ते ऐकून मी जास्तच घाबरले. तसे अण्णा सगळ्यांना ओळखायचे, नातवंडांची चेष्टा करायचे. गाडी अडायची एकाच ठिकाणी. आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ती आली की हातातला घास ठेवून विहिरीवर पळायचं आणि मोटार चालू करायची, हे त्यांनी जन्मभर केलं. पुढे माझा भाऊ मधू मोटार मोबाइलवरून चालवायला लागला, तरी लाईट आली की अण्णा उठायचेच. एकदा ते मधूला विहिरीच्या काठावर सापडले... पाय आत सोडून बसलेले, स्टार्टरची पेटी कुणी काढली म्हणून विचारत. विहिरीला कठडा नव्हता. त्यानंतर त्यांना शेतातल्या घरात ठेवायचं धाडस आमच्यात उरलं नाही.

मी त्यांना परभणीला माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. इथे विहीर नाही, एवढंच मी पाहिलं होतं. जिना, गॅलरी आणि समोरचा मोठा रस्ता मला नंतर दिसायला लागले. लाईट गेलेली कळूच नये म्हणून आम्ही इन्व्हर्टर बसवला, पण खालच्या मजल्यावर कुणीतरी 'आली' म्हणून ओरडायचंच. एका दुपारी अण्णा रस्त्याच्या मधोमध, दुभाजकापाशी सापडले. दोन्हीकडून ट्रक जात होते. मी दंडाला धरून ओढलं तर शांतपणे म्हणाले, "लाईट आली ना बाई. गहू वाळायलाय." त्या दिवसापासून मी आंघोळही दार किलकिलं ठेवून करायला लागले. अशा म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी एक संस्थाही पाहून आलो. स्वच्छ होती, माणसं मायाळू होती. जाळीच्या दारात बोटं अडकवून एक आजोबा बाहेर बघत उभे होते. नाव ठेवायला काही जागा नव्हती, तरी मी घाबरून परत आले.

शेवटी ताडकळसचं हे घर मिळालं. दोन खोल्या, एकच दार, काकूंची आणि आमची भिंत एक, जवळपास विहीर नाही. मधूचं म्हणणं, दुपारी काकू शेतात जातात तेवढा वेळ बाहेरून कडी लावावी. मी भांडले. बापाला कोंडायचं असेल तर मला तोंड दाखवू नकोस, म्हणाले. अण्णा बाजेवर बसून आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होते. कडी लागली नाही. मी जिंकले आणि रोज दुपारी परभणीत जीव मुठीत धरून बसायला लागले. पण अण्णा कधी बाहेर पडले नाहीत. घर मानवलं त्यांना, असं मी लोकांना सांगायचे, थोडी फुशारकीही मारायचे.

तेरावं झाल्यावर खोली आवरायला गेले तर बाजेखाली बैलाचं दावं दिसलं. त्याचं एक टोक बाजेच्या पायाला बांधलेलं होतं. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. लाईट यायची वेळ झाली की अण्णा स्वतःचा पाय बांधून बसायचे, असं त्यांनी सांगितलं.

"उठाय गेलं की वढ बसती, मग ध्यानात येतं म्हणायचे. सुमनला सांगू नका, ती लय भेती म्हणायचे."

मी खाली बसून दाव्याचं दुसरं टोक हातात घेतलं. फासाला धोतराचं मऊ फडकं गुंडाळलेलं होतं. बैलाची मान सोलवटू नये म्हणून अण्णा असंच फडकं गुंडाळायचे.