मेमसाबची जात

गेल्या आठवड्यात मी इथे ग्रुपवर मांजरीच्या एका पिल्लाचा फोटो टाकला होता, आठवतं? तुमसरच्या राइस मिलमागे कोंड्याच्या ढिगात सापडलेलं, शेपटीच नसलेलं. जात कोणती, एवढंच विचारलं होतं. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी छातीठोकपणे सांगितलं, मॅन्क्स आहे, बिनशेपटीची विलायती जात आहे.

त्याच संध्याकाळी माझी शाळेपासूनची मैत्रीण सुनीता दारात हजर. "मले दे वं, पोरीसारखी ठेवीन." नेली, आणि नाव ठेवलं मेमसाब. मग रोज तिच्या स्टेटसवर मेमसाब.

आज आम्ही दोघी मेमसाबला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. त्यांनी शेपटीच्या जागी बोट फिरवून पाहिलं. म्हणाले, "गावठीच आहे. जन्मापासून बांडी नाही. कशात तरी सापडून शेपटी तुटली हिची."

येताना माझं घर आलं तशी सुनीताने मेमसाबसकट पिशवी माझ्या हातात दिली.

"तूच ठेव वं. आमच्या सासूले बांडी मांजर घरात नाही चालत."

आठवडाभर चालत होती. विलायती असती तरी शेपटी नसतीच ना? पण हे मला पिशवी घेऊन घरात आल्यावर सुचलं.

आता मांजर दाराकडे तोंड करून बसली आहे. बांडी म्हटलं तर कानही हलवत नाही. मेमसाब म्हटलं की लगेच वळून बघते, आणि मी आहे हे दिसलं की पुन्हा दाराकडे.

जात तुम्ही सांगितली होती. आता हिला हाक कोणती मारू, तेही सांगा.