काट्याकडे पाठ

"हे वरचं लेकराले," असं म्हणून काकांचा हात पुन्हा पोत्यात जायचा. पारडी सारखी झालेली असायची, माप पूर्ण झालेलं असायचं, तरी चिमूटभर साखर नाहीतर चार शेंगदाणे वर पडल्याशिवाय पुडी बांधली जात नसे. माझ्या घरी तेव्हा लेकरू नव्हतं. तसं सांगितलं तर म्हणायचे, "नसू द्या. येईन तवा खाईन ते."

बाभुळगावात आमच्या घरासमोरच त्यांचं किराणा दुकान होतं. मी तिथल्या शाळेत शिकवत असे, आणि घरी येताना त्या पायरीशी थांबल्याशिवाय माझा दिवस सरत नसे. तुमच्याही गावात असा एखादा दुकानदार असेल. नसेल तर तुमचं नशीबच खोटं, दुसरं काय!

कापसाची ती वाईट वर्षं होती. लोकांच्या हाती एकदम पैसा येईना, म्हणून जो तो छोटे पुडे नेऊ लागला होता. नेमकी त्याच पुड्यांना कंपन्यांनी कात्री लावली. भाव तोच, कागद तोच, चित्रातली बाईही तशीच हसणारी, फक्त आतला माल आटलेला. आमच्याकडे चहापत्ती महिना सरण्याआधीच संपायला लागली, तेव्हा माझा हात सैल आहे असं सासूबाईंनी ठरवून टाकलं. मीही चिडून दोन दिवस चहाच केला नाही.

माल घेऊन आलेल्या एजंटला काकांनी चांगलंच धारेवर धरलं. तो म्हणे, वजन पुड्यावर छापलेलं आहे, कंपनी काही लपवत नाही. काकांचं म्हणणं, छापते कंपनी, पण गिऱ्हाइकाच्या हातात देतो तो मी. एजंट हसला आणि गाडी घेऊन निघून गेला.

पुढे एका दुपारी साबण आणायला गेले, तर काका आणि काकू आतल्या खोलीत जमिनीवर बसलेले, मध्ये मेणबत्ती. त्याच चहाचा एक मोठा पुडा फोडलेला होता. काकू छोट्या पुड्याचा कोपरा कापत, काका त्यात चमचाभर चहा घालत आणि कोपरा ज्योतीवर धरून पुन्हा चिकटवत. मला पाहून दोघंही चोरी पकडल्यासारखे दचकले. मी रागावलेच. कुणी पाहिलं तर भेसळ म्हणतील, असलेली अब्रू जाईल, असं बजावलं.

"टाकून राह्यलो बाई, काढून नाही राह्यलो," काका म्हणाले.

मी साबण घेऊन घरी आले. गावाला मात्र हे ठाऊक नव्हतं. शेजारचा ऑटोवाला प्रकाश एक दिवस जळक्या कोपऱ्याचा पुडा घेऊन आला आणि दुकानासमोर माणसं जमली. पुडे फोडून तुम्ही चहा काढून घेता, असा त्याचा आरोप. काकांनी पुडा तोलायला हात पुढे केला, तर प्रकाशनं तो मागे घेतला. तुमच्या काट्यावर नको, म्हणाला. मग सगळी वरात सोनाराकडे निघाली. सोनारानं आपल्या नाजूक काट्यावर चहा तोलला आणि सांगितलं की छापलंय त्याहून जास्तच भरतो आहे. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि काका येडे आहेत असं म्हणत पांगले. मला वाटलं, चला, सुटले एकदाचे.

काका सुटले नव्हते. दुसऱ्या दिवशी तराजूवर टॉवेल टाकलेला दिसला. सुटं काही मिळेना. पुडे न्या, नाहीतर दुसरं दुकान पाहा. मी समजूत घालायला गेले की अहो, चहा तर खरा निघाला ना.

"चहा खरा निघाला," काका म्हणाले. "माहा काटा तं खोटाच ठरला ना बाई."

आणि तराजूवरचा टॉवेल नीट सारखा केला. मला त्या क्षणी प्रकाशचा भयंकर राग आला.

काही महिन्यांनी प्रकाशला मुलगी झाली. बारशासाठी गूळ हवा म्हणून तो दुकानापुढे येऊन उभा राहिला, आणि तोलून द्या म्हणाला. सोनाराकडे जा, असं काकांनी मानही वर न करता सांगितलं. प्रकाश हलला नाही. काकूंनी डोळ्यांनी खुणावून पाहिलं, काका ढिम्म. ऑटोत बसलेली सवारी हाका मारून थकली आणि उतरून पायीच निघून गेली, तरी हा उभाच. शेवटी काकांनी टॉवेल ओढला आणि गुळाची भेली फोडायला घेतली.

तेव्हा प्रकाश वळला. तराजूकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

"मोजा काका," म्हणाला. "मले नाही पाहाचं."

काकांना गूळ तोलायला फार वेळ लागला. एका हातात तराजू होता आणि दुसऱ्या हाताला डोळे पुसण्यातून सवड नव्हती.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. काकू लेकीकडे वणीला असतात, दुकानाच्या जागी मोबाईलवाला बसतो. मी सगळं पाकिटातलंच आणते. पाकीट हातात आलं की चष्मा लावते, ते उलटं करते, बारीक अक्षरातलं वजन वाचते आणि मागच्या खेपेला किती होतं ते आठवून पाहते. घरचे म्हणतात, हुशार झालीस. मला मात्र एकदा काकांच्या दुकानापुढे रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं आहे.