अंजनाचे चार बुश

सुकलाल मिस्तरी शहाद्यात मोटारींचा मिस्तरी झाला, त्याआधी तो कापसाच्या जिनात इंजिनाला तेल घालत असे. शिकवलं कुणी नाही, बघून बघून शिकला. गावात मोटारी मोजून पाच, आणि पाचही त्याच्याच शेडखालून जायच्या. त्यामुळे कुणाला काही विचारायची सवय त्याला कधी लागलीच नाही.

दुसऱ्या महायुद्धाचं चौथं वर्ष होतं. हस्तीमल शेठांची मोटार रोज तळोद्याला कापूस बघायला जायची. शेठांचा मुलगा माणकचंद ती चालवायचा. पुढच्या कमानपाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगांच्या, टोकांना पिनेभोवती पितळी बुश असतात, ते झिजून पार बांगडीसारखे पातळ झाले होते. गाडी खडखडायची, आणि खड्डा आला की एका अंगाला ओढायची. मुंबईहून नवे बुश येणं बंद होतं. धुळ्याहून आणलेले जुन्या लॉरीचे बुश ढिले बसले. टायरचं रबर कापून भरलं, तर आठ दिवसांत त्याचा भुगा झाला.

तोरणमाळच्या पायथ्याचा खात्या पावरा बैलगाड्या सांधायचा. बाजाराच्या दिवशी त्याने ठोकळ्यांवर चढवलेली ती मोटार वाकून पाहिली आणि हसला.

“हाई ते गाडंच शे, मिस्तरी. बैल तेवढा नहीत.”

“तू तुन्हं गाडं देख,” सुकलाल म्हणाला.

पण पुढच्या बाजाराला खात्याने फडक्यातून चार बुश आणले. अंजनाच्या झाडाच्या टणक लाकडाचे, काळेभोर, हाताला तुळतुळीत. पैसे घेतले नाहीत. जुनी कानस मागून घेतली. दुसरा उपाय नव्हता, म्हणून सुकलालने ते बसवले. गाडी अशी निमूट चालू लागली की शेठांनी भर चौकात त्याच्या डोक्याला फेटा बांधला.

“लाकूडना बुश! कसं सुचनं रे तुले?”

सुकलाल नुसता हसला. त्या हसण्यातच पहिलं खोटं गेलं.

दुसरं मात्र तोंडाने बोलावं लागलं. शेठांच्या बायको सोहनबाई त्या मोटारीत कधी बसत नसत. माणकचंदच्या आधीची दोन मुलं त्यांनी गमावली होती. संध्याकाळी हॉर्न ऐकू येईपर्यंत त्या ओट्यावरून हलत नसत. त्यांनी सुकलालला बोलावून पाणी दिलं आणि म्हणाल्या, “मन्हा पोऱ्या रोज ती गाडीमा बसस. बुश तुन्हा हातना शेतस ना?”

“हा, बाईजी. मन्हाच हातना.”

“मंग माले घोर नही.”

खात्या दर बाजाराला शेडवरून जायचा. सुकलाल तेव्हा गाडीखाली शिरून बसायचा. शेठांनी बांधलेला फेटा खुंटीला टांगलेला असायचा.

वर्ष सरलं. बुश झिजले. खात्याकडे जावं, तर पहिले बुश त्याचे होते हे शेडमधल्या हाताखालच्या पोरांना कळलं असतं. सुकलालने सुताराकडून अंजनाचा वाळका ओंडका घेतला, चार बुश कातले, दोन रात्री तेलात ठेवले. दिसायला पहिल्यांपेक्षा देखणे. चैताचं ऊन लागलं आणि सहाव्या दिवशी एक बुश तडकला. तळोद्याच्या रस्त्यावर गाडी ओढली गेली ती थेट शेताच्या बांधावर. माणकचंदचं कपाळ फुटलं. जखम बोटभरच होती, पण सदरा लाल झालेला सोहनबाईंनी पाहिला.

सुकलाल वाड्यात गेला तेव्हा त्या मुलाच्या उशाशी बसल्या होत्या. फुटका बुश त्यांच्या तळहातावर होता. आवाज चढलेला नव्हता.

“पहिला तुन्हा हातना व्हतात, ते वरीसभर चालनात. मंग ह्या कोना हातना शेतस?”

सुताराचं नाव जिभेवर आलं होतं. बाईंनी वाट मोकळी करून दिली होती, त्यांचा त्याच्यावर इतका भरवसा होता. सुकलालने खाली पाहिलं.

“ह्या मन्हा हातना शेतस, बाईजी. पहिला खात्याना व्हतात.”

त्यांनी फुटका बुश त्याच्या हातात ठेवला. मग एवढंच म्हणाल्या, “खात्याले सांग जा.”

तो पायी गेला. खात्या अंगणात चाक सांधत होता. त्याने फुटका बुश नखाने खरवडला.

“लाकूड वल्लं व्हतं?”

“सुकेल व्हतं, खात्याभाऊ. तेलमा ठेयेल व्हतं.”

“दोन रात?” खात्या हसला आणि झोपडीमागे टेकलेला बैलगाडीच्या चाकांमधला जुना लाकडी आख त्याने ओढून काढला. लोखंडी आख आल्यापासून तो तसाच पडला होता. “यानी वीस वरीस वंगन पिधं. मन्हा बुश याना तुकडा व्हतात. तू इचारंच नही.”

सुकलालने आखावरून हात फिरवला.

“बठ. करवत धर,” खात्या म्हणाला. “फेटा नही आना का?”

दोन बुश खात्याने केले, दोन सुकलालकडून करून घेतले. सुकलालचा एक बुश त्याने दोनदा फेकून दिला आणि पुन्हा करायला लावला.

दुसऱ्या दिवशी दोघांनी वाड्यासमोर गाडीला बुश बसवले. सोहनबाई ओट्यावरून उतरल्या. सुकलालला वाटलं, आता त्या विचारतील, कोणता बुश कुणाच्या हातचा. त्यांनी विचारलं नाही. डोक्यावरचा पदर नीट केला आणि आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत, मुलाच्या शेजारी जाऊन बसल्या.

“बाईजी, मीच पहिलं चालाडी देखस,” सुकलाल म्हणाला.

“मन्हा पोऱ्या बसस, ते मी भी बसस,” त्या म्हणाल्या. “चाल रे, माणक.”

गाडी तळोद्याच्या रस्त्याला लागली. खात्या आपल्या गावच्या वाटेने निघून गेला. सुकलालने त्या दिवशी दुसरं काम हाती घेतलं नाही. संध्याकाळी हॉर्न ऐकू येईपर्यंत तो सोहनबाईंच्या रिकाम्या ओट्याखाली उभा होता. ओट्यावर बसायची हिंमत त्याला झाली नाही.