सुनेनं उपाशी ठेवलं नव्हतं

माझ्या थोरल्या बहिणीचं गाव पन्हाळ्याच्या पायथ्याशी आहे. तिथं आजही माझ्या सुनेचा विषय निघाला की 'नवऱ्याला उपाशी ठेवणारी' असंच म्हणतात. ही बातमी तिथं मी पोचवली. ती खोटी आहे.

सुरुवात मुलाच्या पट्ट्यापासून झाली. चाळिशीचा, चांगला भरलेला गडी. एक दिवस त्याच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक दिसलं. माझी सगळी नोकरी शिरोलीच्या एका फौंड्रीत कास्टिंग तपासण्यात गेली. वरून गुळगुळीत दिसणारा ओतीव माल हातोडीनं वाजवायचा. आत पोकळी असली की आवाज बद्द येतो. घरातली माणसंही मी तशीच वाजवून बघत आलो.

मग एकेक दिसत गेलं. रविवारी तांबड्या रश्श्याची दुसरी वाटी त्यानं नको म्हटली. सून फोडणीला तेल ओतायची, ती आता चमच्यानं घालू लागली. चहाबरोबरची खारी बंद झाली. नातीला शाळेत सोडायला मुलगा गाडी काढायचा, आता दोघं चालत निघायची. जेवणं झाली की तिघंही बाहेर पडायची. 'येता का?' म्हणून मला विचारायची, पण पायांत चपला घालून झाल्यावर. आणि मी स्वयंपाकघरात शिरलो की नवरा-बायकोचं बोलणं तुटायचं.

आधी मला वाटलं, याला शुगर निघाली. त्याची बॅग चाचपली, गोळ्या सापडल्या नाहीत. मग लिहायलाही लाज वाटते, पण बाहेर काही भानगड असेल असं वाटलं. एका सकाळी तो रंकाळ्यावर फिरायला गेला, तेव्हा रिक्षा करून मागोमाग गेलो. तो घामाघूम होऊन एकटाच चालत होता. मला ते जास्तच संशयास्पद वाटलं.

राहता राहिली सून.

आमचं तालमींचं गाव. अंगानं भरलेल्या माणसाला इथं 'तब्येतीचा' म्हणतात आणि वाळलेलं पोर ही बापाची नामुष्की असते. मुलगा हातचा गेला, निदान नात तरी वाचवू, असं मी ठरवलं. संध्याकाळी तिला स्कूटरवरून गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर न्यायचो. म्हशी समोर उभ्या असतात, गवळी धार थेट पेल्यात काढून देतो. माझ्या वडिलांनी मला तिथं पाजलं, मी मुलाला पाजलं. नातीला मोठा पेला आणि वर पेढा. फेसाची मिशी माझ्याच रुमालानं पुसायचो.

"आईला सांगायचं न्हाई हं."

"का?"

"तुला पण वाळवंल ती."

त्या वर्षी बहिणीच्या गावच्या जत्रेला सगळे गेलो. मुलगा पंगतीत बसला आणि बहीण ओरडली, "ह्येचा पार खराटा झालाय की रं! आजारी हाय व्हय?"

"आजारी कशाचा, आक्का. घरात सुनंचं राज्य हाय. मापात मिळतंय."

पंगत हसली. कुणीतरी म्हणालं, "पावणं, जाताना डबा बांधून न्या मग!" सून त्याच पंगतीत पांढरा रस्सा वाढत होती. ती पुढच्या पानाकडं सरकली आणि वाढत राहिली. मुलगा घास हातात धरून माझ्याकडं बघत होता.

रात्री घरी परतलो. दुसऱ्या सकाळी मुलगा म्हणाला, "आबा, चला फिरायला." विचारत नव्हता. रंकाळ्याच्या एका बाकावर त्यानं मला बसवलं.

"पोरीला डॉक्टरांकडं नेलं हुतं. ते माझ्याबद्दल काय बोलले न्हाईत. पोरीचं वजन वयाच्या मानानं फार हाय म्हणाले. पण तिला एकटीला डाएट लावू नका, तिच्या ताटाकडं बोट दाखवू नका. आई-बाप बदलले की पोरगी आपसूक बदलंल. म्हणून आम्ही बदललो. आता ह्ये कायमचं हाय."

"मग मला का सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही तिला ढब्बू म्हणताय, आबा. सगळ्या गल्लीला कळलं असतं." तो माझ्याशेजारी टेकला. "आमचं दोघांचं उतरलं. पोरीचं मात्र हलंना. हिला वाटतंय, हिचंच कुठंतरी चुकतंय. रडती बिचारी."

मी तळ्याकडं बघत दूधकट्ट्याचं सांगून टाकलं.

"रोज?"

"रोज."

तो उठला, कठड्यापर्यंत गेला, परत आला. "घरात गेल्यावर तिला तुम्हीच सांगायचं."

सून भाकरी थापत होती. ऐकून तिनं एवढंच विचारलं, "पेढा पण?"

"पेढा पण."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मला वाटायचं, मामा, मलाच जमंना." फुगलेली भाकरी तिनं खाली उतरवली. मग म्हणाली, "न्या की कट्ट्यावर तिला. म्हशी आवडतात तिला. पण चालत न्या. अन् पेला बारका घ्या." पंगतीतल्या बोलण्याबद्दल मी माफी मागितली तेव्हा तिनं पिठाची परात धुवायला घेतली.

तेव्हापासून नात आणि मी चालतच जातो. तिचं वजन वाढायचं थांबलं आहे. उंची वाढेल तशी ती सुटसुटीत होईल, असं डॉक्टर म्हणतात. ढब्बू हा शब्द मी सोडला.

बहिणीला मी फोन केला. "आक्का, सुनंनं त्याला उपाशी ठेवलं न्हवतं. मी खोटं बोललो."

पलीकडचा आवाज एकदम दबका झाला. "शेजारी हुबी हाय व्हय ती? नुसतं 'हं' म्हण, मी समजती."

फोनवर जमणार नाही म्हणून परवा एसटीनं स्वतः गेलो. तिच्या घराच्या पुढच्या सोप्यावर शेजारणी बसल्या होत्या, त्यांच्यादेखत पहिल्यापासून सगळं सांगितलं. बहिणीनं मध्ये एकदाही तोडलं नाही. ती माझ्या सैल झालेल्या कॉलरकडं बघत होती. माझं सांगून झालं तशी ती शेजारणीकडं वळली.

"बघितलंस? आता सासऱ्याला धरलंय."