चार रॉड, चार टोप्या

या जगात ज्याची त्याची जोडी आधीच ठरलेली असते, यावर माझा विश्वास निवृत्तीनंतर बसला. जव्हारच्या शाळेत इतकी वर्षं इतिहास शिकवला, तेव्हा कधी बसला नव्हता. जोडी मोटारीच्या कनेक्टिंग रॉडची आणि त्याच्या टोपीची होती, आणि ती मोडली होती मीच.

मोटार शाळेची. कोणे एके काळी कुणा उदार माणसाने दिलेली, नंतर शेडमध्ये कोंबड्यांना अंडी घालायला उपयोगी पडलेली. शाळेच्या महोत्सवात प्रमुख पाहुणे याच मोटारीतून यावेत, असं समितीने ठरवलं. त्याच ठरावाची दुसरी ओळ अशी होती, की चालली नाही तर मोटार दुसऱ्या दिवशी भंगारात द्यावी. देखरेखीला मला नेमलं, कारण मी मोकळा होतो.

इंजिन उघडलं खोडाळ्याच्या मिस्त्रीने. त्याचा बाप या मोटारीवर ड्रायव्हर होता. म्हातारा आता अंथरुणावर असतो आणि रोज विचारतो, "मोटार हाय ना शाळंत?" मिस्त्री म्हणाला, "सर, भंगारात गेली तर मी त्याला काय सांगू?" माझ्याकडे एका जुन्या माहितीपुस्तकाची झेरॉक्स होती. ती तीनदा वाचल्यावर मला आधी जे कळत होतं तेही कळेनासं झालं.

पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणाऱ्या चार रॉडपैकी दोन वाकलेले निघाले. मिस्त्रीने भिवंडीहून तसल्याच इंजिनाचे दोन जुने आणले. रॉडचं खालचं टोक म्हणजे एक गोल कडं, मधोमध कापलेलं. खालचा अर्धा भाग ती टोपी, दोन बोल्टांनी आवळायची. मिस्त्री जेवायला गेला तेव्हा मी सगळं रॉकेलने धुतलं आणि शिस्तीत मांडून ठेवलं. रॉड एका ओळीत, टोप्या दुसऱ्या ओळीत.

तो परत आला आणि दोन्ही ओळींसमोर उकिडवा बसला.

"सर, वर्गात पोरं पण अशीच बसवायचे काय? धडं इकडं, डोकी तिकडं?"

"त्यावर खुणा आहेत ना!" मी म्हणालो.

खुणा होत्याच. फार होत्या. आधीच्या प्रत्येक कारागिराने आपापले ठिपके ठोकले होते, आणि भिवंडीचे दोन रॉड स्वतःचे आकडे घेऊन आले होते. दोन टोप्या स्वतःला दुसरा नंबर म्हणवत होत्या. तिसरा कुणीच नव्हता. एका रॉडवर सात ठिपके होते. चार पिस्टनच्या इंजिनात सातवा कोण, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

"प्रत्येक टोपी आपल्या रॉडबरोबरच कातलेली असते," मिस्त्री म्हणाला. "दुसरी लावली तर इंजिन जाम." मग एकेक टोपी एकेका रॉडला लावून, बोल्ट आवळून तो सांध्यावरून आतून नख फिरवायला लागला. नख अडकलं की जोडी खोटी. "बघा तुमी पण." मी बघितलं. माझं नख सगळीकडेच अडकत होतं. संध्याकाळपर्यंत चार जोड्या जमल्या. त्या कशा जमल्या ते मी पाहिलं, पण सांगता येणार नाही.

मग वजन. भिवंडीहून आलेले नवे रॉड जड होते, आणि चारही सारखे नसले तर इंजिन थरथरतं. मिस्त्रीने घरून ताजवा आणला, बायको बाजारात नागली, म्हणजे नाचणी, विकते तो. एका पारड्यात जुना रॉड, दुसऱ्यात नवा. जुन्याच्या पारड्यात तो चिमटीने नागली टाकत गेला, काटा सरळ झाला तेव्हा थांबला.

"म्हणजे वजन किती?" मी विचारलं.

"वजन कोणाला पायजे? एवढी नागली कानशीनं काढायची." आणि नव्या टोपीच्या बुडाचा उंचवटा तो घासत बसला. पारड्यात नागली लागेनाशी झाली तेव्हा उठला. झेरॉक्समध्ये नागलीचा उल्लेख नाही, मी तपासलं.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी इंजिन सुरू झालं. टाकी गंजलेली होती म्हणून बॉनेटला पेट्रोलची बाटली टांगून, नळी जोडून. थरथर नाही, ठोका नाही. मिस्त्रीने इंजिनावर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवला, पाणी जेमतेम हललं. त्याने फोनवर बापाला आवाज ऐकवला. मग टाकी धुऊन बसवली, बाटली काढली, आणि आम्ही समाधानाने घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी पाहुणे फेटा बांधून मागे बसले. मिस्त्रीने किल्ली फिरवली, एकदा माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "सर, गप राहा." मागून आठ माजी विद्यार्थ्यांनी हात लावला. फाटकापासून मैदानापर्यंत उतार आहे. लेझीम पुढे, मोटार मागे.

भाषणात पाहुणे म्हणाले, इतकी जुनी मोटार, पण इंजिनाचा आवाजसुद्धा नाही, अशी कारागिरी जपली पाहिजे. टाळ्या झाल्या. समितीने तिथेच भंगाराचा ठराव रद्द केला.

टाकीत पेट्रोल नव्हतं.