पाकिटावर प्रश्न, पाकिटात उत्तर

स्टाफरूममध्ये दोन गोष्टी साठत जातात. एक, तपासायच्या वह्या, दुसरे, किस्से. वह्या कधी ना कधी मुलांकडे परत जातात. किस्से मात्र तिथेच राहतात, आणि माणूस निवृत्त होऊन गेला तरी त्याच्या खुर्चीवर आलेल्या नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ऐकवले जातात.

गोव्यातल्या डिचोलीजवळच्या आमच्या हायस्कुलात मी सव्वीस वर्षं मराठी शिकवतो. पूर्वीचे किस्से इन्स्पेक्शनचे, सहलींचे, खाणीच्या ट्रकांमुळे उशिरा पोचलेल्या बसचे. अलीकडचे बहुतेक फोनमधले. आपलं नाव, आपला फोटो, आपली अब्रू परक्याच्या हाती लागू नये म्हणून आम्ही काय काय केलं, त्याचे.

*

सुरुवात परबसरांपासून. परबसर पी.टी. शिकवतात, गाव पेडण्याकडे. आवाज असा की ग्राउंडवर शिट्टी लागत नाही.

त्यांचा सगळ्या ठिकाणी एकच पासवर्ड. तो विसरायला नको म्हणून त्यांनी स्टाफरूममधल्या कपाटाच्या दारावर खडूने लिहून ठेवला होता. मोठ्या अक्षरात. आणि खाली सूचना : ‘परवानगीशिवाय वापरू नये.’

“अहो सर, पुसा ते!” आम्ही सगळे ओरडलो.

“पुसलं तर आठवणार कसा?”

शेवटी त्यांना पासवर्ड बदलायला लावला. त्यांनी बदलला. संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला : ‘माझा जुना पासवर्ड कोणीही वापरू नये. नवा पासवर्ड पुढीलप्रमाणे.’

*

उल्हासबाब आमचे क्लार्क. तेही पेडण्याकडचेच. अतिशय काटेकोर माणूस. स्टेपलरच्या पिनांचीसुद्धा नोंद ठेवतात. पण वर्षातून एकदा, गावच्या जत्रेच्या नाटकात, उल्हासबाब राणी होतात. वीस वर्षं ती भूमिका त्यांचीच. आता बाहेरून नट्या येतात, पण त्या गावात राणीचं काम दुसऱ्या कोणाला देत नाहीत.

एका जत्रेनंतर त्यांचा तो फोटो, शालू, नथ, अंबाडा, कोणीतरी उचलला आणि ‘उर्मिला’ नावाचं प्रोफाइल उघडलं. वय सव्वीस, आवड प्रवास. आठवड्याभरात नऊशे मित्र! त्यांत आमचे परबसर.

“तुम्ही कशी स्वीकारली रिक्वेस्ट?”

“चेहरा ओळखीचा वाटला,” परबसर म्हणाले.

उल्हासबाब पोलीस चौकीत गेले. हवालदाराने फोटो पाहिला. “ही बाई तुमची कोण?”

“मीच.”

हवालदाराने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा उल्हासबाबांच्या मिशीकडे. “पुरावा?”

उल्हासबाब उठले, शर्ट नीट केला, आणि चौकीतच राणीचा दुसऱ्या अंकातला प्रवेश म्हणायला लागले. आतल्या खोलीतले दोघे बाहेर आले. एक तक्रारदार बाई डोळे पुसायला लागल्या. प्रवेश संपल्यावर हवालदाराने तक्रारीवर लिहिलं : ‘ओळख पटली.’

प्रोफाइल गेलं. आम्ही म्हटलं, “उल्हासबाब, बदनामी टळली तुमची.”

“माझी कसली बदनामी?” ते म्हणाले. “राणी पतिव्रता आहे. नऊशे मित्र!”

*

मग हेडमास्तरांची पाळी आली.

एका दुपारी सगळ्यांच्या फोनवर एकदम मेसेज. अनोळखी नंबर, पण फोटो हेडमास्तरांचा, गळ्यात हार. ‘मी मीटिंगमध्ये आहे. तुमच्या फोनवर एक कोड येईल. कृपया तो मला पाठवा.’ तो कोड पाठवला की आपलं खातं त्या चोराचं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी परबसर कोड टाइप करत होते.

शेवंतीबाय चहा घेऊन आली होती. ती आमची प्यून, हेडमास्तरांना तीस वर्षं ओळखते. तिने परबसरांना मेसेज मोठ्याने वाचायला लावला आणि तिथेच हात धरला.

“कृपया? आमचो हेडमास्तर कृपया म्हणटा? सर, हो चोर!”

ही गोष्ट हेडमास्तरांच्या कानावर गेली. त्यांनी ती मनाला लावून घेतली असावी. पुढचा आठवडाभर ते प्रत्येकाला ‘कृपया’ म्हणाले. त्या आठवड्यात शाळेत एकही काम झालं नाही.

*

ह्या प्रकारानंतर रेखाने एक पद्धत घालून दिली.

रेखा माझी बायको. ह्याच शाळेत गणित शिकवायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. पुढच्या किश्शांत ती आहे, म्हणून सांगून ठेवतो.

पद्धत साधी होती. प्रत्येकाने एक पाकीट द्यायचं. पाकिटावर एक प्रश्न, पाकिटात त्याचं उत्तर, आणि पाकीट चिकटवलेलं. सगळी पाकिटं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, डबा उल्हासबाबांच्या कपाटात. कोणाच्या नावाने संशयास्पद मेसेज आला की पाकिटावरचा प्रश्न विचारायचा. उत्तर आलं की चारचौघांसमोर पाकीट फोडायचं आणि जुळवायचं. उल्हासबाबांनी त्यासाठी लगेच रजिस्टर घातलं. शेवटचा रकाना : ‘जुळले / न जुळले’.

“गणितासारखंच,” रेखा म्हणाली. “आधी सोडवायचं, मग पुस्तकाच्या शेवटी बघायचं.”

शेवंतीबायने पाकीट दिलं नाही. “माझं नाव चोरून कोण कितें करतलो? चोरलं तर सकाळी सातला येऊन झाडू मारू दे!”

*

पद्धतीची पहिली खरी कसोटी हेडमास्तरांवरच झाली.

सहामाही परीक्षेचा दिवस. हेडमास्तर वाळपईला भाचीच्या लग्नाला गेलेले, आणि प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली कोणाला द्यायची ते सांगायला विसरलेले. त्यांचा फोन मांडवात कोणाच्या तरी पायाखाली आला. त्यांनी व्याह्यांच्या फोनवरून उल्हासबाबांना मेसेज केला : ‘किल्ली परबांना द्या. ताबडतोब.’

अनोळखी नंबर. उल्हासबाबांनी डबा काढला. हेडमास्तरांच्या पाकिटावर प्रश्न होता : ‘माझ्या पहिल्या स्कूटरचा रंग?’

उत्तर आलं : ‘निळा.’

आम्हा सगळ्यांसमोर पाकीट फोडलं. आत : ‘हिरवा.’

उल्हासबाबांनी नंबर ब्लॉक केला. मग दुसऱ्या एका नंबरवरून फोन आला. हेडमास्तर ओरडत होते. उल्हासबाब शांतपणे म्हणाले, “आवाज बरा काढतोस रे. लाज वाटत नाही?” आणि फोन ठेवला.

हेडमास्तर पंगतीतून उठून, मिळेल त्या बसने आले. परीक्षा दीड तास उशिरा सुरू झाली. संध्याकाळी रेखाने त्यांना विचारलं, “सर, स्कूटर नक्की कुठल्या रंगाची होती?”

“निळीच होती.”

“मग पाकिटात हिरवा?”

“सुरक्षिततेसाठी मुद्दाम खोटं लिहिलं होतं,” हेडमास्तर म्हणाले. “मागाहून विसरलो.”

*

रेखाच्या पाकिटावरचा प्रश्न असा होता : ‘पूल होण्याआधी, आमोण्याच्या फेरीबोटीत आमच्या ह्यांनी काय केलं?’

तिचं माहेर आमोण्याचं. लग्न ठरल्यावर आम्ही एकदा त्या फेरीतून नदी ओलांडली होती, एवढं मी स्टाफरूमला सांगितलं. त्यापुढे मी म्हणालो, आठवत नाही.

तेवढ्यावर कोणी थांबेना. “नदीत पडले असणार!” परबसर म्हणाले. उल्हासबाबांचा अंदाज होता की मी गाणं म्हटलं असावं. शेवंतीबायचा अंदाज इथे लिहिण्यासारखा नाही. पुढे कित्येक दिवस भाजी-पाव खाताना हा विषय निघायचा. रेखा वहीतून मान वर न काढता म्हणायची, “उत्तर पाकिटात आहे.”

ती गेल्यावर वर्षअखेरीला उल्हासबाबांनी डबा साफ केला. सगळ्यांनी नवी पाकिटं दिली. तिचं पाकीट हातात धरून ते माझ्यासमोर उभे राहिले.

“हे?”

“राहू दे,” मी म्हटलं.

*

यंदा चतुर्थीच्या सुट्टीनंतर एका जुन्या विद्यार्थिनीचा मला फोन आला. आता ती नर्स आहे. आवाज रडवेला.

“सर, टीचरचा मेसेज आला. फोटोपण त्यांचाच. ‘कशी आहेस बाळ, फोनवर एक कोड येईल तो पाठव.’”

“पाठवलास?”

“नाही सर. टीचर मला बाळ कशाला म्हणतील? मी सत्तावीस नंबर!”

रेखा मुलांना हजेरीच्या नंबराने हाक मारायची. लग्नांतसुद्धा. त्यामुळे ही मुलगी वाचली. पण सगळीच वाचली नाहीत. तीन दिवसांत चार मुलांची खाती गेली. गॅदरिंगमधला तिचा पिवळ्या साडीतला फोटो लावून कोणीतरी तिच्या एकामागून एक वर्गांतल्या मुलांना मेसेज करत होतं.

अख्ख्या स्टाफने तक्रारी केल्या. कंपनीचं छापील उत्तर आलं : नक्कल झाल्याची तक्रार त्या व्यक्तीने स्वतः करावी. व्यक्ती हयात नसल्यास मृत्यूचा दाखला जोडावा. मग खऱ्या खात्यावर तशी नोंद होईल आणि नकली खातं बंद करता येईल.

दाखल्याच्या प्रती माझ्याकडे होत्या. प्रश्न प्रतींचा नव्हता. तिचं खरं खातं अजून तसंच आहे. वाढदिवसाला जुनी मुलं तिथे ‘हॅपी बर्थडे टीचर’ लिहितात. त्यांतल्या पुष्कळांना ती गेल्याचं ठाऊक नाही. मी कळवलेलं नव्हतं. दाखला जोडला की तिच्या नावाआधी ‘स्मृती’ असा शब्द लागणार होता. नाही जोडला तर तो माणूस तिच्या तोंडून बोलत राहणार होता.

दाखला तीन दिवस माझ्या बॅगेत होता.

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो मेसेज परबसरांना आला. ‘कसा आहेस बाळ?’

“बाळ!” परबसर उठले. “थांब, आता पद्धतीने जाऊ. उल्हासबाब, डबा आणा!”

उल्हासबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी डबा आणला, रजिस्टर उघडलं, तारीख घातली. परबसरांनी पाकिटावरचा प्रश्न जसाच्या तसा टाइप केला : ‘पूल होण्याआधी, आमोण्याच्या फेरीबोटीत आमच्या ह्यांनी काय केलं?’

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग ‘टाइप करत आहे’ दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं.

उत्तर आलं : ‘आता आठवत नाही बाळ. कोड पाठव.’

“सापडला!” परबसर म्हणाले. “फोडा पाकीट!”

“सर, तुम्ही फोडा,” उल्हासबाब म्हणाले.

मी फोडलं. आत चौकोनी कागदाची घडी होती. तिची वह्या तपासायची लाल शाई. मी कागद टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

‘विचारल्यावर ते म्हणतील, आठवत नाही. हेच उत्तर.’

उल्हासबाबांचं पेन ‘जुळले / न जुळले’ या रकान्यावर थांबलं होतं.

“नियमाने बघितलं तर...” परबसर हळूच म्हणाले. त्यांना एवढं हळू बोलता येतं हे आम्हाला माहीत नव्हतं. “नियमाने बघितलं तर चोर पास झाला की हो!”

सगळ्यांत आधी, गलका ऐकून दारात आलेले हेडमास्तर हसले. मग सगळेच हसले. मीही.

मग मी बॅगेतून दाखला काढला आणि स्कॅन करायला उल्हासबाबांना दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. रजिस्टरमधला रकाना त्यांनी कोराच ठेवला. त्यांच्या नोकरीतला तेवढा एकच कोरा रकाना.

नकली खातं शुक्रवारी बंद झालं. मधल्या सुट्टीत शेवंतीबायने माझ्यासमोर चहा ठेवला, पण ती हलेना.

“सर, चोर गेलो. आता तरी सांगा. फेरीबोटीत केलंत तरी कितें?”

स्टाफरूममधल्या सगळ्या वह्या एकदम मिटल्या.

“आठवत नाही,” मी म्हणालो.